एका दमात चौदा

"'लो टाइड' धरायचाच नाही," मी म्हणालो आणि भिंतीकडेचं गोणपाट उचललं.

"का? तुला कळला नाही म्हणून?" यामिनी पाठमोरी राहूनच बोलली. ती तराजूवर वाळलेलं गवत तोलत होती.

"कुणालाच कळलेला नाही. सलग आठ अल्बम चांगले म्हणायचे, तर आठही चांगले हवेत. चौथा पडला की मालिका तुटली. म्हणजे तुझ्या लोकांचे पाचव्यापासून आठव्यापर्यंत, फक्त चार. माझ्यांचे सहा."

गोणपाटाखाली साप होता. हातभर लांब, काळसर, अंगावर पांढरे आडवे पट्टे. वेटोळं करून पडला होता. सकाळची उन्हं पत्र्याच्या फटीतून त्याच्या शेपटाकडच्या भागावर पडली होती.

"कवड्या," मी म्हणालो.

साप धरायची आकडी जीपमध्ये होती. बिनविषारी कवड्यासाठी तिथवर कोण जाणार? मी हातानेच उचलला.

"थांब, फोटो," यामिनी म्हणाली. तिने तराजूवरची पट्टी सापाशेजारी धरून फोटो काढला. मोजपट्टीशिवाय ती कशाचाच फोटो काढत नसे. "आणि चौथा पडला हे कोण ठरवणार? तू?"

"तक्ता ठरवेल. तूच दिलेत 'लो टाइड'ला दहापैकी सात."

"सात म्हणजे पडला?"

"बाकी सगळे साडेआठच्या वर असताना सात म्हणजे..."

तेवढ्यात करंगळीच्या बुडाशी मुंगी डसल्यासारखं झालं. मी साप कुंपणाच्या घायपातीत सोडून दिला.

"चावला?"

"कवड्या रागीट असतो. चावतोच."

"पट्टे मोजलेस?"

"मोजायचे काय त्यात!"

"आठ वाजून दहा," ती म्हणाली आणि वहीत लिहिलं. मी हसलो.

त्या वर्षी आम्ही दोघं एका माळरानावर राहत होतो. पत्र्याची दोन खोल्यांची शेड, तिला आम्ही केंद्र म्हणायचो. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून सरपटणाऱ्या प्राण्यांची मोजणी करत होतो, यामिनी साळवी गवतांवर काम करत होती. फोनला रेंज यायची ती टेकाडावर चढल्यावर. करमणूक म्हणजे तिच्या भावाने भरून दिलेली एक हार्ड डिस्क. तीत कुठल्या कुठल्या रॉक बँडांचे झाडून सगळे अल्बम होते. सॉल्ट इन्स्पेक्टर्स हा तिचा बँड, कोल्ड फर्नेस हा माझा. कोणाच्या अल्बमांची सलग मालिका सरस, हा वाद जूनमध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर उजाडला तरी संपला नव्हता. वादाला नियम होते. स्टुडिओत केलेलेच अल्बम धरायचे. मैफिलीतले नाहीत, निवडक गाण्यांचे नाहीत. मध्ये एक जरी कमजोर निघाला तरी मालिका तिथे संपली. स्वयंपाकाच्या ओट्यावर तक्ता चिकटवलेला होता, प्रत्येक अल्बमला दोघांचे वेगवेगळे गुण. तिचे आठ, माझे सहा, आणि सगळं अडलेलं तिच्या चौथ्यापाशी. 'लो टाइड'पाशी.

यामिनीने त्या पाच महिन्यांत एकदाही माघार घेतली नव्हती. मीही नाही. "बरं बाबा, तुझं खरं" हे वाक्य आमच्या शेडमध्ये कधी उच्चारलंच गेलं नव्हतं.

त्या सकाळी आम्ही चुरमुऱ्यांचा सुशीला केला, खाल्ला, भांडी घासली आणि भांडणही चालू ठेवलं. साडेनऊच्या सुमाराला माझ्या पोटात पीळ पडला.

"मिरच्या किती घातल्यास?" मी विचारलं.

"दोन. रोजच्याच."

मी तिच्याकडे बघितलं. मला दोन यामिनी दिसल्या, एकीला एक चिकटून. डोळे चोळले, तरी दोनच.

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने फोन उघडला, सकाळचा फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा करत नेला.

"पाठीच्या मधल्या रांगेतले खवले बघ," ती म्हणाली.

मला बघायची गरज नव्हती. तिचा आवाज ऐकूनच कळलं. मधल्या रांगेतले खवले मोठे, षटकोनी असले तर मण्यार. मानेकडे पट्टे पुसट आणि शेपटाकडे ठळक असले तर मण्यार. कवड्याचं उलटं असतं. हे मी त्या तालुक्यातल्या अकरा शाळांमधून रंगीत तक्ते दाखवून शिकवलं होतं. 'मण्यार चावल्याचं दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो', हे वाक्यही माझंच. सकाळी उन्हात चमकत होते ते शेपटाकडचे ठळक पट्टे मी बघितले होते. डोळ्यांनी बघितले होते, आणि तोंडाने 'लो टाइड' म्हणत होतो.

"पापण्या उचल," ती म्हणाली. "पूर्ण."

मी उचलल्या. म्हणजे मला वाटलं, उचलल्या.

ती धावत बाहेर गेली. "काका! गाडी!"

बिभीषण काका केंद्राची जीप चालवायचे. पन्नाशीचा, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि डोक्याचा टॉवेल काढून स्टिअरिंगवर टाकला.

"काय चावलं?"

"मण्यार."

"कवा?"

"आठ दहाला."

"आन् आत्ता सांगताय व्हय!" काका ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बसा. धरून बसा."

तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय बेचाळीस किलोमीटर. टेकाडावर रेंज आली तशी यामिनीने फोन लावला. "सापाचं इंजेक्शन आहे ना? किती बाटल्या? बाहेर काढून ठेवा. आम्ही तासाभरात पोचतो." फोन ठेवून तिने गवताच्या नोंदींचा एक कोरा तक्ता उलटा केला.

"पुष्कर, एका दमात मोज."

हेही मीच शिकवलेलं. मण्यारीचं विष स्नायू बंद पाडत जातं, श्वासाचेसुद्धा. यंत्र नसेल तर रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावायचं. आकडा उतरायला लागला की समजायचं.

"आकडे नको," मी म्हणालो. माझा आवाज नाकातून येत होता, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा. घाबरलो होतो आणि घाबरलेलं दिसायला नको होतं. "अल्बम म्हणतो. चौदा आहेत."

"चालेल. आधी माझे आठ, मग तुझे सहा."

"माझे आधी... का नाही?"

"पेशंटला विचारत नाहीत. म्हण."

मी म्हटले. तिचे आठ, पुढे माझे सहा. ॲश, बेलोज, स्लॅग, ब्लू हीट, ॲन्व्हिल, सिंडर. एका दमात चौदा.

"नऊ पंचावन्न, चौदा," ती लिहीत म्हणाली. "छान. दहा मिनिटांनी पुन्हा."

दहा पाचला बारा भरले. ॲन्व्हिलच्या आधीच श्वास सरला. मला वाटलं रस्त्याच्या खड्ड्याने झालं असेल, म्हणून पुन्हा म्हणून बघितलं. या वेळी अकरा.

"बारा लिहू की अकरा?" मी विचारलं.

"अकरा," ती म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

भीती अशी मोजता येते हे मला तेव्हा कळलं. दहा पंधराला नऊ. माझ्या सहांतला एकच उरला, ॲश. दहा पंचविसाला सहा, आणि त्यात माझा एकही नाही. लाळ गिळता येईना. यामिनीने मला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं आणि ओढणीने तोंड पुसत राहिली. पापण्या कधी मिटल्या कळलं नाही. ती मधूनमधून बोटाने माझी एक पापणी वर करायची, तेव्हा तिच्या हनुवटीचा आणि जीपच्या टपाचा एक तुकडा दिसायचा.

"काका, किती राहिलं?"

"आलंच. त्यो कारखाना दिसला का? त्याच्या म्होरं."

"पुष्कर, म्हण."

जीभ चामड्याच्या तुकड्यासारखी झाली होती. मी तिचा पहिला म्हटला, दुसरा म्हटला, तिसरा म्हटला. छातीत हवा नव्हती. चौथा निघाला. अर्धा निघाला असेल.

त्यानंतर पुढचे दहा दिवस मी एकही शब्द बोललो नाही. म्हणजे माझ्या तोंडचा शेवटचा शब्द ठरता ठरता राहिला, तो 'लो टाइड'.

रुग्णालयाच्या फाटकापाशी छाती हलायची थांबली. हे मला नीट सांगायचं आहे, कारण लोक विचारतात तेव्हा 'बेशुद्ध पडलास ना?' असंच विचारतात. मी बेशुद्ध नव्हतो. श्वास घ्यायचा होता आणि घेता येत नव्हता. यामिनी किंचाळली. तिने माझं नाक दाबलं आणि तोंडाने हवा भरली. तिच्या श्वासाला सुशीलाचा वास होता. कोणीतरी मला उचललं. कानांत शिट्टी वाजायला लागली आणि मग थोडा वेळ खरंच काही नाही.

परत आलो तेव्हा अंधार होता, आणि अंधारात सगळं ऐकू येत होतं.

घशात नळी होती. छाती आपोआप भरत होती आणि रिकामी होत होती. कोणीतरी रबरी पिशवी दाबत होतं, फुस्स, सूं, फुस्स, सूं. वर पंखा कुरकुरत होता. बोटाला चिमटा लावलेला होता आणि डोक्याशी एक यंत्र टिक टिक करत होतं, माझ्या ठोक्याला एक टिक. हाताला सुई टोचली तेव्हा ती स्पष्ट दुखली. मी बोट हलवायचा प्रयत्न केला. करंगळी. अंगठा. पायाचा अंगठा. जीभ. काहीच हललं नाही. आत मी सगळ्या ताकदीने ओरडत होतो आणि बाहेर पिशवी फुस्स करत होती.

"बाहुल्या पूर्ण मोठ्या आहेत," एक तरुण आवाज म्हणाला. नंतर कळलं, ते डॉक्टर शिकलगार. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठे. "उजेडाला हलत नाहीत. ताई, तुम्ही जरा बसा."

"बसत नाही. विषानेही बाहुल्या मोठ्या होतात."

"होतात. माहीत आहे मला. म्हणूनच अजून काही बोललो नाही. श्वास किती वेळ बंद होता?"

कागद उलटल्याचा आवाज आला.

"ताई?"

"दोन मिनिटं. तीन असतील." मग अगदी बारीक आवाजात, "मी लिहिलं नाही."

तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. दर गोष्टीची वेळ लिहिणारी ती, आणि एवढी एकच लिहायची राहिली.

"तीन असतील तर ठीक. पाच-सात असतील तर मेंदू..." डॉक्टर थांबले. "इंजेक्शनं दिली आहेत. इथे व्हेंटिलेटर नाही. जिल्ह्याला पाठवायचं तर अडीच तासांचा रस्ता, सगळा वेळ हाताने पिशवी दाबत. मी जिल्ह्याच्या सरांना फोन केला. ते म्हणतात, मेंदूच गेला असेल तर कशाला हाल करता? घरच्यांना बोलवा."

"त्याचे बाबा चिपळूणहून निघालेत. संध्याकाळ होईल."

"तोवर पिशवी चालू ठेवू. ते आले, की मग..."

ते 'मग' तसंच हवेत राहिलं. मी अंधारात त्या 'मग'कडे बघत होतो. माझे बाबा येतील. माझ्या कपाळावर हात ठेवतील. डॉक्टर त्यांना समजावून सांगतील. बाबा समजूतदार आहेत, त्यांना पटेल. ते मान डोलावतील आणि कोणीतरी पिशवी दाबायचं थांबवेल. ते मला ऐकू येईल. फुस्सनंतर सूं येईल आणि नंतरचं फुस्स येणार नाही.

"सिस्टर, तुम्ही दमलात. मला द्या," यामिनी म्हणाली.

"ओ ताई, लय झटपट दाबू नका बरं. माझ्यासारखं सावकाश," कोकरे सिस्टरांनी सांगितलं. "मनात भजन म्हणायचं. ठेका धरला की हात दुखत नाहीत."

"मला भजन येत नाही."

"मग जे येतं ते म्हणा."

फुस्स. सूं. यामिनी हळू आवाजात म्हणायला लागली. आधी तिचे आठ, एकेका दाबाला एकेक नाव. मग माझे.

"ॲश. बेलोज. ब्लू हीट. स्लॅग..."

चूक! स्लॅग आधी. तिसरा स्लॅग, चौथा ब्लू हीट. पाच महिन्यांत ही चूक तिच्याकडून एकदाही झाली नव्हती. स्लॅग आधी, स्लॅग आधी, मी आतून आदळत होतो. पेटलेल्या घरात अडकलेल्या माणसाला कोणी चुकीच्या दाराकडे बोट दाखवावं तसा मी त्या एका क्रमासाठी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. डोक्याशी टिकटिक जवळजवळ येत गेली.

यामिनी थांबली. पिशवी चालू होती, ती थांबली होती.

मग ती पुन्हा म्हणाली, हळू, एकेक नाव सुटं करून. "ॲश. बेलोज. स्लॅग. ब्लू हीट." थोडा वेळ गेला. "ॲश. बेलोज. सिंडर. स्लॅग."

सिंडर शेवटचा! हिला झालंय तरी काय?

"काका, हे धरा," ती म्हणाली. "असंच दाबायचं. मी आलेच. सिस्टर, तुम्हीपण जरा बाहेर या."

पावलं गेली. दार ओढलं गेलं. मी आणि बिभीषण काका.

काकांचा दाब जड होता, छाती फुटेल असा. त्यांना ते कळलं असावं. पुढचा हलका आला. "लागलं का रं?" ते म्हणाले. "पोरगी गेली न्हाई बरं का. हितंच हाय. दारामागं डॉक्टरशी भांडतीया." फुस्स. सूं. "तू काय घाबरू नगंस. माझा हात काय दमत न्हाई. धा वरसं मोट हाकलीय."

त्या खोलीत माझ्याशी, मला ऐकू येतंय असं धरून, काकाच तेवढे बोलले. मला रडायचं होतं. तेही स्नायूंचंच काम असतं.

दार उघडलं. आता पावलं जास्त होती, पण कोणी बोलत नव्हतं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. यामिनीचा आवाज माझ्या उजव्या कानाजवळ आला, सपाट, बातम्या वाचल्यासारखा.

"कोल्ड फर्नेसचा पहिला अल्बम ॲश."

मग नुसता पंखा, पिशवी, टिकटिक. एक मिनिटभर असेल. कागदावर पेन घासल्याचा आवाज.

"सिंडर हा मैफिलीतला अल्बम आहे."

तो स्टुडिओतला आहे! हार्ड डिस्कवर आपण तो निदान पन्नासदा ऐकलाय! पुन्हा मिनिटभर काही नाही.

"सॉल्ट इन्स्पेक्टर्सचे आठ अल्बम तू चौदा वेळा मोजलेस."

"यामिनीने 'लो टाइड'ला सात गुण दिले होते."

"मैफिलीतले अल्बम मालिकेत धरायचे, असं आपलं ठरलं होतं."

अशी वाक्यं येत राहिली. काही खरी, काही धादांत खोटी. मला वाटलं, तिच्या मनावर परिणाम झाला आहे. ती दमली आहे, भेदरली आहे आणि बडबडते आहे. मला तिची भीती वाटू लागली आणि तिच्यासाठीही. या खोलीत मला ओळखणारी ती एकटी. तीच अशी सुटली तर माझं काय?

मग तिने खुर्ची जवळ ओढली. नंतर वाकली असावी, कारण आवाज अगदी जवळ आला आणि थोडा हलला.

"पुष्कर, तुझंच बरोबर. 'लो टाइड' कमजोरच आहे. मालिका तुझ्या बँडचीच मोठी. मी हरले."

त्या आधीचं सगळं मी सोसलं होतं. फाटकापाशी श्वास थांबला ते, बाहुल्या, तो 'मग'. हे वाक्य नाही सोसलं. माणसं मरणाऱ्याशी असं बोलतात. माझ्या आजोबांच्या शेवटच्या दिवशी आजीने त्यांना म्हटलं होतं, जमिनीच्या बाबतीत तुमचंच बरोबर होतं. यामिनी निरोप घेत होती. म्हणजे तिने आशा सोडली, आणि ज्याअर्थी तिने सोडली त्याअर्थी मी मेलोच. नको. नको हरूस. आठ म्हण. यामिनी, आठ म्हण. टिकटिक इतकी वेगाने होत होती की दोन टिकांमध्ये फट राहिली नव्हती.

"बास," ती म्हणाली. "झालं."

खुर्ची सरकली. सगळे बाहेर गेले. झालं, म्हणाली ती. झालं.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग चाकांचा आवाज आला. मला कुठूनतरी उचलून कशावरतरी ठेवलं. पट्टे आवळले. डोक्याकडून ढकलायला लागले. रुग्णालयातून माणसाला चाकांवरून न्यायच्या दोनच जागा मला आठवत होत्या, आणि त्यांतली एक मागच्या बाजूला असते. बाबा आले होते का? कोणी मला विचारलं होतं का? अंगावर ऊन लागलं. पिशवी अजून फुस्स करत होती. मी एकेक दाब मोजत होतो. हा शेवटचा. नाही, हा. नाही, हा.

चाकं थांबली. माझ्या कानाशी कोणीतरी आलं.

"पुष्कर, मी डॉक्टर शिकलगार. तुम्हाला ऐकू येतंय, हे आम्हाला कळलं आहे. आपण जिल्ह्याला निघतोय. मी बरोबर आहे. घाबरू नका." मग थोडं थांबून, "म्हणजे, घाबरलात तरी चालेल."

जिल्ह्याच्या रुग्णालयात मी नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होतो. तिसऱ्या दिवशी पायाचा अंगठा हलला, पाचव्या दिवशी पापणी. दहाव्या दिवशी नळी काढली तेव्हा बाबा समोर होते. घसा सोललेला होता, शब्द निघेना. यामिनी दाराशी उभी होती, केस न विंचरलेले, त्याच माळावरच्या सँडल. तिला बघून मी पहिला शब्द बोललो.

"आठ?"

"आठ," ती म्हणाली. "अर्थात आठ." आणि मग भिंतीकडे तोंड करून रडली.

तो कागद तिने मला महिन्याभराने दाखवला. गवताच्या नोंदींचा तक्ता. एका बाजूला जीपमधले आकडे होते: चौदा, अकरा, नऊ, सहा, चार. दुसऱ्या बाजूला कोकरे सिस्टरांच्या गोल अक्षरात ठोक्यांचे आकडे, आणि त्यांच्या शेजारी यामिनीने नंतर लिहिलेली दहा वाक्यं.

"स्लॅग आणि ब्लू हीट मी चुकून उलटे म्हटले," ती सांगत होती. "टिकटिक वाढली. मला वाटलं भास. बरोबर म्हटले तर उतरली. मुद्दाम चुकवलं तर परत वाढली. डॉक्टर म्हणाले, ॲट्रोपीन दिलंय, त्याने ठोके वाढतात. मी म्हटलं, वाढत असतील, पण अल्बमचा क्रम चुकला की बरोबर आहे हे ॲट्रोपीनला कुठून कळणार? मग पाच खरी, पाच खोटी. क्रम डॉक्टरांनी चिठ्ठ्या टाकून ठरवला. आकडे सिस्टरांनी लिहिले, कारण त्यांना खरं कुठलं आणि खोटं कुठलं, काहीच माहीत नव्हतं. आणि तुला सांगायचं नाही, असं ठरलं. तू मुद्दाम काही करायला नको होतास."

"दहाचा नमुना फार लहान आहे," मी म्हणालो.

"डॉक्टरही तेच म्हणाले. पण मग म्हणाले, मी चुकलो तर एक फुकट खेप. नाहीतर..."

मी कागद बघत होतो. कागदाच्या मधोमध रेघ होती. डावीकडे 'खरी', उजवीकडे 'खोटी'. पाचही खोट्या वाक्यांना ठोके एकशेदहाच्या वर. उजव्या रांगेत सगळ्यात खाली, चिठ्ठ्यांच्या नशिबाने शेवटी आलेलं:

'लो टाइड कमजोर आहे. पुष्करचं बरोबर. मी हरले.' एकशे एक्केचाळीस.

मी ते दोनदा वाचलं. वाक्य उजव्या बाजूलाच होतं. खोट्यांत.

"सगळ्यात मोठा आकडा," यामिनी खांद्यावरून डोकावून म्हणाली. "बघ मेल्या. मरायला टेकलास तरी जिंकल्याचा केवढा आनंद!"

"होणारच," मी म्हणालो.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. यामिनी दुसऱ्या राज्यात गवतंच मोजते, मी सापांचं काम सोडलं नाही, आकडीशिवाय मात्र गोणपाटही उचलत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फोन होतो. ती आठ म्हणते, मी सहा म्हणतो. बिभीषण काकांना दर दिवाळीला भेटतो, ते माझ्या छातीकडे बघून विचारतात, चाललाय ना भाता?

'लो टाइड' मी त्यानंतर पुष्कळदा ऐकला. एकट्याने, नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चांगला आहे. सात नाही, नऊ द्यायला हवेत.

हे मी यामिनीला कधीच सांगणार नाही.